सुपातल्या नऊ पिना

बातमी एसटीनं आली. कामरगावला आमच्या शाळेसमोर गाडी कधी थांबत नाही, थांबा पुढे चौकात आहे. त्या दिवशी मात्र थांबली, आणि कंडक्टर खाली उतरून फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. तिसरीची पोरं सतराचा पाढा म्हणत होती. कंडक्टर ओळखीचा होता. त्याच्या भावाच्या शेतावरचं ऑइल इंजिन श्रावणनं दोनदा दुरुस्त करून दिलं होतं. तो म्हणाला, "बाई, शेलूबाजारहून निरोप हाय. तुमचे भाऊ गेले." मी विचारलं, "कुठं?" वीस वर्षं पोरांना शिकवून माणूस असा प्रश्न विचारतो. तो पायाकडं पाहू लागला. मी आत गेले आणि पोरांचा पाढा पुरा होऊ दिला. का होऊ दिला ते मला आजही सांगता येणार नाही... अर्धवट तोडायचा जीव झाला नाही, एवढंच.

श्रावण माझा धाकटा भाऊ, मला 'बाई' म्हणायचा. आता महिना-सव्वा महिना होत आला. मध्यंतरी एका पेपरात त्याच्याबद्दल चार ओळी छापून आल्या. छापणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. 'शेलूबाजारचे इंजिन दुरुस्तीवाले, मनमिळाऊ, उच्च शिक्षण अर्धवट सोडून गावाकडे परतले' असं लिहिलं होतं. ते 'सोडून' मला लागलं. मनमिळाऊ तर तो अजिबात नव्हता, एक नंबरचा घुम्या होता, ते जाऊ द्या. पण त्यानं शिक्षण सोडलं नाही. ते कसं गेलं हे दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक गेला. म्हणून मी लिहायला बसले. आमच्या मायला वाचता येत नाही, हा माझा एकच आधार. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी किन्हीराजाला गेलं आणि आमच्या दारात बसलं, तर चहा घ्या, चार गोष्टी बोला, पण यातला एक शब्द तिच्या कानावर घालू नका. श्रावणनं पाच वर्षं जे झाकून ठेवलं ते माझ्या लिहिण्यानं उघडं पडलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मायची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. आम्ही लहान होतो तेव्हा गावात आमच्या हाताचं काही चालत नसे. माय ज्यांच्या शेतात निंदायला जायची, त्या घरचा पितळी गडवा एकदा तिनं उचलला. कशासाठी, तर त्यांच्याच लेकराला पाणी द्यायचं होतं. घरच्या बाईनं ते पाहिलं. तिनं तो गडवा चिमट्यानं धरला, विस्तवावर फिरवला, मग राखेनं आणि विटकरीच्या भुग्यानं घासघास घासला आणि आत नेऊन ठेवला. माय तिथंच उभी राहून पाहत होती. छप्पन साली माय-बाप दीक्षा घेऊन आले, घरातले देव नदीला नेऊन सोडले, उपास सोडले, नवस सोडले. पण राख काही सुटली नाही. उलट वाढली. आमच्या घरून बाहेर जाणारी एकूण एक वस्तू ती घासून द्यायची. कोणाच्या लग्नाला दिलेली परात असो की उसना आणलेला तवा असो. "आपल्या घरचं हाय म्हून कोनं नाक मुरडू नये," म्हणायची. मी चिडायचे. आता कोणाच्या बापाची भीती आहे का, असं म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि घासत राहायची.

श्रावण शिष्यवृत्तीवर शिकला, इंजिनिअर झाला आणि पुढं संशोधनाला लागला. कॉलेजचं आणि शहराचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक माझ्यावर चिडतील, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे शोकसभा घेतील. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली तो लागला असेल. सुट्टीत आला की माय विचारायची, "काय करून राह्यला रे तू तिथं?" तो सांगायचा. टायटॅनियम नावाचा एक धातू असतो, पोलादापेक्षा बराच हलका, गंजत नाही, विमानात वापरतात. पण त्याला एक खोड आहे, दुसऱ्या धातूवर घासला की चिकटतो आणि लवकर झिजतो. म्हणून त्याच्यात थोडं हे थोडं ते मिसळतात, वरून नायट्रोजन वायूत तापवतात, मग त्याच्यावर सोन्यासारखी पिवळी साय धरते. अशा सुधारलेल्या धातूच्या बोटाच्या पेराएवढ्या पिना करायच्या, फिरणाऱ्या पोलादी चकतीवर दाबून धरायच्या, कधी थंडच ठेवायच्या, कधी भोवती भट्टी लावून दोनशे, कधी चारशे-पाचशे अंशांवर तापवायच्या, आणि पिन किती झिजली ते वजन करून पाहायचं. माय म्हणाली, "म्हंजे घासतेच तू. मी जन्मभर घासून राह्यली, मले नाही कोनं डिगरी देली." बाप तोवर गेला होता. आम्ही तिघंही हसलो. त्या घरात आम्ही तिघं एकदम हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग त्यानं सांगितलं की पिनेला हात लावायचा नसतो. बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं, इतका तो काचेच्या पेटीतला तराजू बारीक. चिमट्यानं नाहीतर कपड्यानं धरायची. हे ऐकून मायचं हसणं थांबलं. "कोनाचा हात नाही चालत?" तिनं विचारलं. तो चटकन उमजला. "कोनाचाच नाही, माय. माहा नाही, सरायचाबी नाही." तिनं मान हलवली, पण मला वाटतं तिला ते पटलं नव्हतं. जगात कोणाचाच हात चालत नाही अशी वस्तू तिनं कधी पाहिली नव्हती.

त्याच्या संशोधनातून निघालं ते भलतंच. तापवल्यावर धातू मऊ पडतो, म्हणजे जास्त झिजला पाहिजे, असा सगळ्यांचा हिशेब. न तापवलेल्या पिना खरंच खूप झिजायच्या. पण चारशे-पाचशेवर गेल्या की झीज जवळजवळ थांबायची. काही पिना तर घासून झाल्यावर आधीपेक्षा जड भरल्या. त्यानं दहादा करून पाहिलं, दहादा तेच. त्याचं म्हणणं असं की तापल्यावर हवेतला प्राणवायू धातूला धरतो, घासून निघालेली भुकटी दबून दबून टोकावर एक काळी, गुळगुळीत साय तयार होते, आणि ती सायच मग धातूला वाचवते. वाढलेलं वजन त्या प्राणवायूचं. त्याचे मार्गदर्शक म्हणाले, "झिजून वजन वाढतं? आधी तराजू वाचायला शिका. कोट्यातून आलात म्हणून काहीही खपवून घेतलं जाईल असं समजू नका." हे मला त्यानं सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. राग मलाच आला होता, मी ताट आपटलं होतं. तो म्हणाला, "बाई, त्याहिचं बोलनं सोड. त्याहिनं एक गोष्ट बराबर सांगतली. साय हाय तर दाखव म्हने." मुंबईला एका ठिकाणी मोठी सूक्ष्मदर्शक यंत्रं होती. तिथं ओळख काढून त्यानं तारीख मिळवली होती. पिनांची टोकं तिथं दाखवायची, फोटो काढून आणायचे, म्हणजे सर सही करणार होते. मेहेरबानीनं मिळालेला धातूचा दांडा संपला होता, आणखी पिना होणार नव्हत्या, आणि शिष्यवृत्तीची मुदतही त्याच हिवाळ्यात संपत होती. जे काय होतं ते हाती उरलेल्या नऊ पिनांवर होतं.

दिवाळीची सुट्टी होती. सण आम्ही करत नाही, सुट्टी घेतो. मुंबईला जायच्या आधी तो चार दिवस घरी आला, मीही किन्हीराजालाच होते. पिना कॉलेजात ठेवायला त्याचा जीव धजला नाही, कोणी फेकून दिल्या तर काय घ्या. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या असतात ना, तशा नऊ बाटल्या, प्रत्येकीत कापसावर एक पिन, बाहेर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडे. संध्याकाळी त्यानं मला त्या दाखवल्या. अंगानं सोनेरी आणि टोकाला निळसर काळ्या, विझलेल्या कोळशागत. "हे काळं दिसते ना बाई, हेच हाय सारं. हे गेलं तर मी खोटा." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष चुलीवरच्या भाकरीकडं होतं. आणि हो हो म्हणता म्हणता मी एक पिन बोटांत उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तो "आं आं" करत पुढं झाला, तिच्या अंगावरचा डाग स्पिरिटच्या बोळ्यानं हलकेच टिपला आणि म्हणाला, "काही नाही झालं, जाऊ दे." पण मायनं ते पाहिलं होतं. चुलीपाशी बसून तिनं सगळं पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीची चौकशी करायला शेलूबाजारला गेला. मी ओसरीवर पोरांचे पेपर तपासत होते. माय अंगणात बसली होती, समोर पाण्याचं घमेलं, काथ्याचा बोळा, राख. तिनं हाक मारली, "इंदे, इटकर फोडून दे वं जराशी." मी उठले, विटकरीचा तुकडा दगडावर ठेवून फोडला, बारीक कुटला आणि तिच्यापुढं नेऊन ठेवला. तिच्या हातात काय आहे ते पाहिलं का? पाहिलं. मला दिसलं. एक पिन तिच्या हातात होती, बाकीच्या घमेल्यात होत्या. मला वाटलं, बरं झालं, काळ्या पडल्या होत्या... खरंच, हेच वाटलं. मी शिकलेली, पोरांना विज्ञान शिकवणारी. दोन दिवसांआधी माझ्या भावानं मला सांगितलेलं वाक्य माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "कायले घासतं वं?" तर माय म्हणाली, "तुहा हात लागला त्याले. पोरगं मोठ्या लोकायपाशी नेऊन राह्यलं. आपल्या हाताचं निघून गेलं पाह्यजे." मी परत जाऊन पेपर तपासायला बसले. दुपारपर्यंत ती घासत होती. पिना चिवट होत्या, तशी मायही चिवट होती. मग तिनं बाटल्यासुद्धा धुतल्या. चिठ्ठ्या भिजून निघाल्या.

तो आला तेव्हा उन्हात सूप ठेवलेलं होतं, सुपात माझं एक जुनं पातळ घडी करून पसरलेलं, आणि त्यावर नऊ पिना ओळीनं. लखलखत होत्या. त्यांवर काळं काही राहिलं नव्हतं आणि कोणती कोणती हेही आता कोणाला सांगता येणार नव्हतं. तो सुपापाशी उकिडवा बसला. मायनं पदराला हात पुसत विचारलं, "झाल्या ना साफ?" मी तोवर उठून उभी राहिले होते, कारण त्याचा चेहरा मला दिसला होता आणि त्याच क्षणी मला ते वाक्य आठवलं होतं. त्यानं एक पिन उचलली. नुसत्या बोटांनी उचलली, चिमटा नाही, रुमाल नाही. इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाला, "चांगल्या झाल्या, माय." मग आत गेला आणि पाणी प्यायला.

मी त्याच्या मागं गेले. रडायला लागले तर म्हणाला, "हळू. थे ऐकीन." मी म्हटलं, "सरांना खरं सांग. घरात असं झालं म्हणून सांग. माणूसच आहेत ते." त्यानं पाण्याचा पेला पालथा घातला. मग म्हणाला, "काय सांगू? माह्या मायनं राखेनं घासल्या म्हून सांगू? हसतीन, बाई. वर्षभर चहा पेताना सांगतीन एकमेकाले. मले खोटं म्हनू दे, मायवर नाही हसू देत." आणि त्यानं माझा हात धरून मला वचन द्यायला लावलं की मायला कधी कळू द्यायचं नाही. त्यानं कॉलेजात काय सांगितलं, तर प्रवासात पेटी हरवली. त्यावर त्याला निष्काळजी म्हटलं गेलं, आणि कोणीतरी असंही म्हणालं की हरवणारच, मुळात असतील तर सापडतील ना. मुदत संपली. तो गाठोडं घेऊन घरी आला.

मायनं विचारलं, "काहून आला रे?" तर म्हणाला, "तिथं मन नाही लागत, माय. घरची हवा बरी." त्या उत्तराचा तिला राग आला आणि तो राग तिनं पाच वर्षं धरला. आपल्या पोरानं आळस केला, बापाच्या मेहनतीचं मातेरं केलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो समोर बसून ऐकायचा. मी कितीदा तोंड उघडायला गेले आणि त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. वचन देऊन बसले होते ना. शेलूबाजारला रस्त्याच्या कडेला त्यानं ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. काम चोख होतं. झिजलेला पिस्टन हातात घेऊन तो शेतकऱ्याला सांगायचा की इंजिन कोणत्या महिन्यात तेलावाचून चाललं. शेतकरी ओशाळायचे, आणि सारखं असं ऐकायला कोणाला आवडतं? चहाचा पेला तो नेहमी रुमालानं धरायचा. हॉटेलवाले म्हणायचे, इंजिनवाल्याला चहा फार गरम लागतो. चहा निवलेला असला तरी तो रुमालानंच धरायचा. घरी आपलं ताट-वाटी स्वतःच धुवायचा, नुसत्या पाण्यानं. मायला राख लावू द्यायचा नाही. त्यावरून दोघांचं रोज वाजायचं.

पिना मायनंच जपून ठेवल्या. पत्र्याच्या डबीत घालून फोटोंच्या फळीवर, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली. पोराला मोठ्या कॉलेजातून मिळालेली वस्तू म्हणून. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेच्या आधी घर सारवताना, ती डबी खाली घ्यायची, पिना घासायची, सुपात वाळवायची. आणि दर वर्षी श्रावणला हाक मारून दाखवायची. तो येऊन उकिडवा बसायचा, एक उचलून पाहायचा, "चांगल्या झाल्या, माय" म्हणायचा. पाचही वर्षं. मी त्या दिवसांत किन्हीराजाला जायचं टाळायला लागले. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, आणि ती त्याच्यात कुठून आली हे मला कळत नाही.

मागच्या वर्षी त्याच्या जुन्या सोबत्याचं पत्र आलं. त्यात सहज लिहिलं होतं की आता सर वर्गातच शिकवतात, काही धातू तापल्यावर कमी झिजतात, वर साय धरते म्हणून. तुझी आठवण आली, असं शेवटी लिहिलं होतं. श्रावणनं ते मला वाचायला दिलं. मी म्हटलं, उत्तर लिही, सरांना लिही, आता तरी लिही. तो म्हणाला, "काय लिहू? मले पह्यलेच मालूम व्हतं म्हून?" पत्राची घडी करून त्यानं इंजिनाखालच्या तेलाच्या डागावर पसरलं. त्यात नाटक नव्हतं. त्याला तिथं कागद हवा होता, एवढंच, आणि तेच मला फार वाईट वाटलं.

कावीळ अंगावर काढली त्यानं. झाडपाला घेतला, दुकान उघडं ठेवलं. मी गेले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते. मी खूप बोलले, शिव्यासुद्धा दिल्या. तो भिंतीला टेकून हसला आणि म्हणाला, "बाई, पाह्य, माह्याबी अंगावर नायट्रोजन चढला. आता झीज होत नाही." मला हसू आलं नाही. अकोल्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. रजा संपली म्हणून मी दवाखान्यातून कामरगावला परत निघाले तेव्हा मला शेवटचं म्हणाला, "सांगजो नको." कोणाला आणि काय, हे विचारायची गरज नव्हती.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले. मी रजा काढून मायजवळ राहिले. श्रावणचा एकच चांगला फोटो आहे, पदवीचा, तो फळीवर दोन्ही फोटोंच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडत होते, तर माय अंगणात बसलेली. समोर घमेलं, काथ्या, राख. डबी उघडी. आता तिला धड दिसत नाही. पिना बोटांनी चाचपून ती एक एक बाहेर काढत होती. नऊच्या नऊ. घासून घासून त्यांची टोकं आता गोल झाली आहेत. त्याच्या सगळ्या तापमानांत मिळून जितकी झीज झाली नसेल तितकी आमच्या अंगणात झाली... मी उभी राहून पाहत होते. मायला माझी चाहूल लागली.

"त्याच्या फोटोपुढं ठेवतो," ती म्हणाली. "लय जीव व्हता त्याचा याच्यावर. मंग काहून सोडलं असन वं त्यानं? तुले बोलला का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

"घुम्याच व्हता," माय म्हणाली आणि एक पिन घासायला घेतली. थोडं घासून थांबली. हातानं इकडं तिकडं चाचपलं आणि माझ्या दिशेनं तोंड केलं. "इंदे, इटकर सरली. जराशी फोडून दे वं."

मी विटकरीचा तुकडा शोधला, दगडावर ठेवला आणि फोडून दिला.